तिसऱ्या भागाचा दिवस

बारक्यानं गेमचं यंत्र दादाच्या पंजात नीट बसवलं आणि त्याचे अंगठे एकेक करून बटणांवर ठेवले. लिफ्टचे दोर ओढून ओढून राठ झालेले ते अंगठे. एक दाबला की दोन बटणं दाबली जात. पडद्यावरचा कोल्हा तोंडात कंदील धरून जेमतेम दोन पावलं चालला आणि थेट पाण्यात पडला.

"मेला?" दादानं विचारलं.

"मेला. पण परत येतो तो. बघ, आला."

"चैन आहे लेकाची," दादा म्हणाला.

बारक्या हसला आणि मध्येच थांबला. मावशीला, दादाच्या आईला, जाऊन अजून आठवडा झाला नव्हता.

चाळिशी कधीच ओलांडली असली तरी या घरात तो बारक्याच होता. बाहेर तो लोकांच्या कवळ्या बनवायचा. मेणात दात बसवत दिवसभर मान खाली घालून काम. दादा त्याचा मावसभाऊ, दोन वर्षांनी मोठा, लिफ्ट दुरुस्त करणारा. आई आजारी पडून दवाखान्यात गेली तेव्हा बारक्या इथं राहायला आला, आणि ती गेल्यावर नोकरी लागेपर्यंत इथंच राहिला. एका ताटात जेवून वाढलेली ही दोन पोरं, पण मोठेपणी त्यांच्यातलं बोलणं आटत आटत "बरा आहेस ना?" आणि "बरा आहे" एवढ्यावर आलं होतं. आज मावशीच्या आजारपणात भाड्यानं आणलेली खाट परत न्यायला माणसं येणार होती. दादानं बोलावलं नव्हतं. बारक्या आपणहून आला, आणि येताना काय बोलायचं हे सुचेना म्हणून गेम घेऊन आला.

कंदील घेतलेल्या कोल्ह्याचा हा गेम लहानपणी दोघांचं सर्वस्व होता. एकामागून एक त्याचे भाग आले, मग कंपनीनं तो बंदच केला. यंदा इतक्या वर्षांनी नवा भाग आला, आणि त्याच्या पोटात जुने सगळे भागही. कवळीचं प्लॅस्टर सुकेपर्यंत बारक्या कामाच्या जागीच खेळत बसायचा. "लोकांचे दात बसवता, आणि तुमचे दुधाचे अजून पडलेले दिसत नाहीत," असं बायको म्हणाली होती.

दादाचा कोल्हा पुन्हा पडला.

"तू असा नव्हतास रे," बारक्या म्हणाला. "आठवतं, तिसरा भाग आपण एका दिवसात संपवला होता? सकाळी बसलो ते दिवे लागेपर्यंत. मावशी एकदाही ओरडली नाही. आणि तू सगळे डाव मला दिलेस. एरवी हात लावू द्यायचा नाहीस."

दादा पडद्याकडे बघत राहिला.

"खरं सांगू?" बारक्या म्हणाला, "माझ्या पोरीला झोपताना मी त्या दिवसाची गोष्ट सांगतो. तसा दिवस पुन्हा नाही आला. दुसऱ्याच दिवशी बाबा आले आणि आई रात्री गेल्याचं सांगितलं. पण तो एक दिवस मला मिळाला, असंच मी धरून चालतो."

दादानं यंत्र टेबलावर उपडं ठेवलं.

"माझी आई तुला कधी बोलली नाही?"

"काय?"

"मला वाटलं, तू मोठा झाल्यावर तिनं सांगितलं असेल." दादा उठला, खिडकी उघडली, पुन्हा लावली आणि परत येऊन बसला. "तुझी आई रात्री नाही गेली, बारक्या. त्या दिवशी सकाळीच गेली. आपण नुकते बसलो होतो खेळायला. दवाखान्यातून फोन आला. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. तुझे बाबा दौऱ्यावर होते, पोचायला दुसरा दिवस उजाडणार होता. तूच सांग त्याला, मी नाही सांगू शकत, असं ते फोनवर आईला म्हणाले. आणि तिच्यानं सांगवेना. मला म्हणाली, याचे बाबा येईपर्यंत याला काही कळू द्यायचं नाही. खेळव त्याला. दाराबाहेर येऊ देऊ नको."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. दोनदा घरघर झाली, मग शांत.

बारक्यानं हात टेबलावर ठेवले, मग मांडीवर, मग पुन्हा टेबलावर. त्या दिवसाचं सगळं त्याच्या डोळ्यांपुढं लख्ख होतं: कोल्ह्याचा प्रत्येक बोगदा, प्रत्येक पूल, शेवटची ती बर्फाची टेकडी. दादाचा चेहरा मात्र त्यात कुठंच दिसेना. इतकी वर्षं तो दिवस त्यानं जपला, आणि शेजारी बसलेल्या माणसाकडे एकदाही मान वळवून पाहिलं नव्हतं.

"तू तेव्हा केवढा होतास," तो अखेर म्हणाला.

"होतो तेवढा."

"आणि दिवसभर बसलास."

"मला तो गेम कधी आवडलाच नाही रे," दादा जरासं हसून म्हणाला. "डोकं दुखायचं. त्या दिवसानंतर तर नकोच वाटायचा. पण तू पुढचा भाग आला की धावत यायचास."

"मग सांगायचं नाही? नको म्हणायचं."

"कसं म्हणणार?"

मग बारक्यानं विचारलं, "सकाळपासून रात्रीपर्यंत... तुला रडू नाही आलं?"

"आलं ना. सारखा पाणी प्यायला उठत होतो." दादानं शर्टाच्या बाहीचं सुटलेलं बटण बोटांत फिरवलं. "तिनं मला सायकल शिकवली होती. आईला भीती वाटायची, म्हणून तिनं. मागं धरून गल्लीभर पळायची." तो थांबला. "तुझी आई होती, ते खरंच. पण माझीही मावशी होती रे."

हे वाक्य दादानं तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. एखाद्याला पत्ता सांगावा तसं म्हटलं. बारक्यानं मान हलवली आणि ती खालीच राहिली. आपल्या आईसाठी कुणी आणखीही रडलं असेल, हे त्याच्या मनात आजवर आलं नव्हतं. सगळं दुःख आपल्याच वाट्याला आलं, आणि इतरांनी ते वाढून दिलं, असंच त्यानं धरलं होतं.

दारावरची घंटा वाजली. खाट न्यायला दोन माणसं आली होती. दादा लगबगीनं उठला. पण आतल्या खोलीकडे बघत तो नुसता उभा राहिला.

बारक्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

"तू बस."

"अरे, मला बघायला नको का—"

"मी बघतो. तू खेळ." त्यानं यंत्र सुलटं करून त्याच्या हातात दिलं.

"मला जमत नाही रे ते."

"न जमू दे. बस."

जाताना त्यानं दार ओढून घेतलं.

आतल्या खोलीत गादीला एका बाजूला खळगा पडला होता. बारक्यानं माणसांना जरा थांबायला सांगितलं. उशी उचलली, चादर काढून चार घड्या घातल्या, खाटेखालच्या मावशीच्या चपला भिंतीशी नीट लावल्या. बंद दाराआडून गेमचं संगीत तेवढं येत होतं, तेच ते, फिरून फिरून. बटणाचा आवाज एकदाही आला नाही.

माणसांपैकी वयस्कर होता तो चाकांची कळ सोडवत म्हणाला, "आपण मुलगा का त्यांचे?"

बारक्यानं खाटेची एक बाजू धरली.

"हो," तो म्हणाला. "धाकटा."