नव्या सिस्टीमची परीक्षा

बेंगळुरात, के. आर. पुरमला स्टेशनमागच्या गल्लीत चंदना आणि तिचा धाकटा भाऊ अभिराज यांचा रेशमी साड्यांचा कारखाना होता. खाली माग, वर चंदनाची डिझाइनची खोली. साड्यांचे काठ आणि पदर ती कॉम्प्युटरवर काढायची. त्या चित्रावरून भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं तयार व्हायची आणि त्या कार्डांच्या हुकमाने मागावर नक्षी उतरायची. वडील हेच काम चौकटीच्या कागदावर ब्रशने करत. चंदना त्यांच्याच हाताखाली शिकली, मग हट्टाने कॉम्प्युटर आणवला, आणि आता वरच्या खोलीत तिचाच शब्द चालायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या दिवाळीनंतर बेळ्ळंदूरची रम्या लग्नाची साडी विणून घ्यायला आली. तिला मोर नको होते, कोयऱ्या नको होत्या.

"आमच्या तळ्यावर झोळीच्या चोचीचे मोठे पांढरे पक्षी येतात," ती म्हणाली. "लहानपणी आजोबा, आमचे अज्जा, मला खांद्यावर बसवून दाखवायचे. ते पदरावर हवेत. सगळा थवा, पाण्यावर उतरताना."

"काढते," चंदना म्हणाली. कसं काढायचं याचा विचार तिने रम्या जिना उतरल्यावर केला.

एरवी नक्षीची एक बुट्टी काढली की तीच पुढे पुढे उमटवता येते. थव्यात तसं चालणार नव्हतं. प्रत्येक पक्षी वेगळा, प्रत्येकाचे पंख वेगळे. चित्र वाढत गेलं तसा कॉम्प्युटर जड झाला. एक पक्षी जरा डावीकडे सरकवला की पडदा पुसला जायचा आणि वरून खाली, पट्टी पट्टी करत पुन्हा भरायचा. तोवर चंदना हात बांधून बसायची. पंखाची जी रेघ तिच्या मनात आलेली असायची, ती चित्र भरेपर्यंत निसटून जायची.

तिची कुरकुर अभिराजच्या कानावर होतीच. एके दिवशी तो धडाधड जिना चढून वर आला.

"अक्का, तुझी कटकट मिटली. एस. पी. रोडच्या विलासकडे विंडोज नाइन्टी-एट ही नवी सिस्टीम आलीये. सगळं भराभर उघडतं म्हणे. मी सांगून टाकलंय, घेतो म्हणून. शब्द दिलाय."

"शब्द तू दिलास, पण वाट मी बघते," चंदना म्हणाली. "तेव्हा तपासूनच घेऊ."

"अगं, पेपरात एवढं छापून आलंय!"

"पेपरवाल्यांनी माझे पक्षी सरकवून पाहिलेत का?"

शनिवारी दोघं बसने एस. पी. रोडला गेली.

विलास मूळचा पुण्याचा. कॉम्प्युटर विकायला आणि दुरुस्त करायला म्हणून बेंगळुरात आला आणि इथलाच झाला. बोलण्यात पटाईत, पण फसवणारा नव्हे. त्याने दुकानातलं नवं मशिन सुरू केलं.

"बघा मॅडम, क्लिक केलं की ओपन! आधी केवढा टाइम जायचा."

खरंच पटकन उघडलं. अभिराजने बहिणीकडे असं पाहिलं, जणू ती सिस्टीम त्यानेच लिहिली होती.

"छान आहे," चंदना म्हणाली. "पण विलास, माझा प्रोग्राम मी सकाळी एकदा उघडते आणि तेवढ्यात देवापुढे दिवा लावून येते. तो सावकाश उघडला तरी माझं काही अडत नाही. मला ताटकळावं लागतं ते नंतर, दिवसभर." तिने पिशवीतून फ्लॉप्यांचा डबा काढला, आणि प्रोग्रामची किल्लीसुद्धा. किल्ली म्हणजे मशिनच्या मागे लावायची एक छोटी डबी. तिच्याशिवाय डिझाइनचा प्रोग्राम चालत नसे. "आमच्याकडे आहे तसल्याच साध्या मशिनवर नवी सिस्टीम घाला आणि हे चालवून दाखवा."

विलासने तसं मशिन शोधलं, सगळं चढवलं, थवा उघडला. चंदनाने स्वतः माउस हातात घेतला आणि एक पक्षी सरकवला. पडदा पुसला गेला. मग वरून खाली, पट्टी पट्टी करत, पक्षी परत येऊ लागले.

"स्वल्प थांब अक्का, नवीन आहे ते," अभिराज म्हणाला.

तिने दुसरा पक्षी सरकवला. पुन्हा तेच.

विलासला राग आला नाही. त्याने वाकून मशिनच्या डब्याला कान लावला. "ऐकलंत? डिस्क करकरतेय. तुमचं चित्र मेमरीत मावतच नाहीये. म्हणून थोडं डिस्कवर ठेवायचं, थोडं परत आणायचं, असे हेलपाटे चाललेत. सिस्टीम कुठलीही असो, हेलपाटे तेच."

"मग जागा वाढवा."

विलासने झाकण उघडून मेमरीची आणखी एक पट्टी बसवली. या वेळी चंदनाने पक्षी धरला आणि तो तिच्या हाताबरोबर निघाला, कुठेही न अडकता. तिने अख्खा थवा डावीकडे नेला, उजवीकडे नेला. तिला हसू आवरेना.

"झालं तर!" अभिराज म्हणाला. "सिस्टीम आणि मेमरी, दोन्ही घेऊन टाकू."

"थांब. विलास, आता हीच पट्टी जुन्या सिस्टीमच्या मशिनला लावा."

"मॅडम, तुम्ही माझं दुकान बंद करणार," विलास हसत म्हणाला. पण त्याने लावली, कारण आता त्यालाही पाहायचं होतं. जुन्या सिस्टीमवरही थवा तितकाच मोकळा सरकला.

"आता तुम्हीच सांगा. काय घेऊ?"

विलासने क्षणभर नव्या विंडोजच्या खोक्याकडे पाहिलं. "मेमरी घ्या. ज्याला दिवसभर दहा गोष्टी उघडायच्या आणि बंद करायच्या आहेत, त्याला मी नवी सिस्टीम देईन. तुम्ही आज तिचे पैसे देऊ नका."

"आणि अभिराजने दिलेला शब्द?"

"त्यातून मीच त्याला मोकळं केलं."

परतीच्या बसमध्ये अभिराज खिडकीबाहेर बघत होता. "मी उगाच हुशारी केली," तो शेवटी म्हणाला.

"उगाच कशी? मी नुसती कुरकुरत बसले होते. तू हललास म्हणून आपण इथवर आलो. फक्त पुढच्या वेळी शब्द देण्याआधी मला विचार."

"सरी, विचारीन," तो म्हणाला आणि मेमरीच्या पट्टीची पुडी त्याने घरापर्यंत स्वतःच्या हातात धरली.

थवा पुरा झाला, कार्डं झाली, मागावर नमुन्याचा पदर चढला. पहिले पक्षी कापडावर उतरले तशी चंदना खाली आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"तो पुढचा उतरत नाहीये, पडतोय," ती म्हणाली. "पाय चुकलेत."

"कोणाला कळणार? चालेल," अभिराज म्हणाला.

तिलाही सवयीने 'चालेल' म्हणावंसं वाटलं. थवा काढायला घेतल्यापासून तिने ते किती तरी वेळा म्हटलं होतं, काम बरं झालं म्हणून नव्हे, पट्टी पट्टी करत भरणारा पडदा पुन्हा बघत बसायचा कंटाळा म्हणून. आज तसलं काही कारण उरलं नव्हतं. ती वर गेली. पाय पुढे घेतले, बोटं ताणली, शेजारच्या पक्ष्याचा पंख थोडा उचलला, पटला नाही, खाली आणला, पुन्हा उचलला. हात थांबत नव्हता आणि मनातली रेघ तुटत नव्हती. बदललेल्या भागाची कार्डं नव्याने पाडली आणि मग लग्नाची साडी मागावर चढली.

रम्या साडी न्यायला आली तेव्हा तिने पदर गादीवर पसरला आणि पुढच्या पक्ष्यावर बोट ठेवलं. "अज्जा सांगायचे, हे आधी पाय पुढे करतात, सायकलवाल्याने ब्रेक लावावा तसे. अक्का, तुम्हाला कसं कळलं?"

"पडताना दिसला, म्हणून सावरला," चंदना म्हणाली.

पुढच्या वर्षी चंदनाला स्कॅनर हवासा झाला. गिऱ्हाइकं आजीच्या, पणजीच्या साड्या घेऊन येत आणि तसाच काठ मागत. तो डोळ्यांनी मोजून उतरवण्यात फार दिवस जात. या वेळी तपासून घेऊ असं अभिराजच म्हणाला. विलासने स्कॅनर जुन्या सिस्टीमला जोडून दाखवला. मशिनने त्याची दखलच घेतली नाही. नव्या सिस्टीमला जोडला, आणि चंदनाने बरोबर नेलेल्या जांभळ्या साडीचा काठ धाग्याधाग्यानिशी पडद्यावर आला.

"आता?" विलासने विचारलं.

"आता द्या ती नवी सिस्टीम," चंदना म्हणाली आणि पर्स उघडली. भाव कमी करायचं तिने नावही काढलं नाही.