आसनावरचा जोड

मी एक जुना, शिसवी पादुकांचा जोड आहे. मित्रांनो, माझी गोष्ट मला नीट सांगता येईल का, याची शंकाच आहे. लाकडाला फारसे काही वाटत नाही. जे दिसले आणि ऐकू आले, तेवढे सांगतो.

एका सुताराने मला घडवले. त्याच्या शेजारच्या खोलीत टायपिंग शिकवणारे एक मास्तर राहत. संध्याकाळी चार माणसे जमली की ते गीतेवर बोलत. बोलणे साधे, आवाज गोड. सुताराची बायको आजारी होती तेव्हा ते रोज तिच्या उशाशी येऊन बसत. म्हणून उरलेल्या शिसवातून सुताराने मला केले.

"मास्तर, चपलेतून अंगठा बाहेर डोकावतोय तुमचा. बघवत नाही हो!" तो म्हणाला.

मास्तर हसले आणि मला पायांत घालून खडखड करत जिना उतरले. तो आवाज मला आवडायचा.

पुढे माणसे वाढली. मास्तरांचे महाराज झाले, खोलीचे सभागृह झाले. गुळगुळीत फरशीवर मी घसरू लागलो, तेव्हा त्यांनी मखमली चपला घेतल्या आणि मला आसनावर ठेवले. महाराज बाहेरगावी असले की लोक माझ्यावर फुले वाहत. हळूहळू ते गावात असूनही आसनावर मीच दिसू लागलो. सेवेकरी माइकवर सांगे, "महाराज आसनावर विराजमान आहेत," आणि सगळे हात जोडत. कोणी खोटे बोलत नव्हते. तिथली बोलायची रीतच तशी होती.

महाराजांना गाडी चालवायचा भारी नाद. ड्रायव्हर शेजारी बसे आणि महाराज गाडी पिटाळत. एका संध्याकाळी प्रार्थना आटोपून सभागृह रिकामे झाले, तेव्हा दोघे मागच्या दाराने आत आले. सायकलवरून घरी निघालेला एक गवंडी त्यांच्या गाडीखाली आला होता.

"तू चालवत होतास म्हणून सांग," महाराज म्हणाले. "आठवड्यात सोडवतो तुला."

"तो वाचेल ना, महाराज?"

महाराजांनी गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. ड्रायव्हरने सवयीने माझ्यावर डोके टेकले आणि तो पोलीस चौकीत गेला. गवंडी वाचला नाही. त्याच्याबद्दल मला जास्त सांगता येत नाही. त्याला मी कधी पाहिलेच नाही.

महिने गेले. सोडवायला कोणी गेले नाही. मग ड्रायव्हर खरे बोलला, पण कोणी ते मानेना. त्याची बायको दाराशी येऊन उभी राहायची.

"अगं, महाराज त्या वेळी आमच्यासमोर बसले होते," आतल्या बायका तिला सुनवायच्या. "नवरा किती ढोसून बसला होता, ते विचार आधी!"

तो थेंबालाही शिवत नसे.

ड्रायव्हरवरच्या खटल्यात महाराजांच्या बाजूचे सर्वांत वजनदार साक्षीदार होते नाना, रोज प्रार्थनेला येणारे एक निवृत्त प्राध्यापक. खोटे बोलायची त्यांना सवय नव्हती, पण कोर्टाची फार भीती वाटत होती.

"नाना, पादुका सोबत न्या," महाराज म्हणाले. "म्हणजे मीच तुमच्याबरोबर असेन."

असा मी रेशमी फडक्यात गुंडाळला जाऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गेलो. नानांनी मला छातीशी धरले होते. त्या संध्याकाळी महाराज आसनावर होते, आपण स्वतः दर्शन घेतले, असे त्यांनी सांगितले. ड्रायव्हरची वकीलबाई थकली होती. खाली बसता बसता ती थांबली.

"आजोबा, हातात काय आहे?"

"महाराज."

लोक हसले. न्यायाधीशांनी टेबलावर हात आपटला.

"म्हणजे पादुका ना?"

"आमच्यात तसा फरक करत नाहीत, बाई. महाराज आत्ता इथेच आहेत."

"आणि त्या संध्याकाळी आसनावर?"

"असेच होते."

"त्यांत पाय होते?"

नानांनी रेशीम बाजूला सारले आणि माझ्याकडे पाहिले.

"नव्हते," ते म्हणाले.

मागच्या बाकावर ड्रायव्हरची बायको उठून उभी राहिली. तिला कोणी बसायला सांगितले नाही.

पुढचे भराभर झाले. महाराजांना अटक झाली. ज्या म्हाताऱ्यांकडून त्यांनी घरे लिहून घेतली होती, त्याही बोलू लागल्या. महाराजांना शिक्षा झाली. मला काही वाटले नाही. नानांनी मला आसनावर परत ठेवले आणि ते पुन्हा आले नाहीत.

सभागृहाला सील ठोकायला अधिकारी आला, तुरुंगातून सुटलेला ड्रायव्हरही त्याच दिवशी आपली ट्रंक न्यायला आला होता.

"हे आसनावरचे कोणी तरी उचला," अधिकारी म्हणाला. सेवेकरी मागे सरकले. शेवटी ड्रायव्हर पुढे आला.

"माझ्या सामानात धरू नका हां, साहेब! नाहीतर परत आत जायचो."

अधिकारी हसला. ड्रायव्हरने मला उचलले. या वेळी त्याचे डोके वाकले नाही. त्याने मला उलटे करून पाहिले आणि पोत्यात टाकले.

"लिहा साहेब. पादुका, जोड एक. रिकामा."

मित्रांनो, मला तेल लावा, जपून ठेवा, असे काही मी मागत नाही. नमस्कार करावासा वाटला तर जरूर करा. फक्त, तिथे कोण होते असे कोणी विचारले, तर दिसले तेवढेच सांगा. बाहेर दाराशी कोणाची तरी बायको उभी असते.