सोपवल्यानंतरची ओळ

तिने प्रोग्रॅममधल्या दोन ओळींची अदलाबदल केली, यंत्र पुन्हा सुरू केलं आणि हाताची घडी घालून पडद्याकडे बघत बसली. सकाळपासून दर वीस मिनिटांनी मान टाकणारं यंत्र दुपारचे तीन वाजून गेले तरी ठणठणीत चालत होतं. आनंद व्हायला हवा होता. तिने मात्र त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या.

चूक साधीच होती. नेटवर्कवरून आलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम मेमरीतल्या एका बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या कप्प्यात ठेवतो आणि तो बफर वरच्या थरातल्या प्रोग्रॅमच्या हवाली करतो. एकदा दिला की हक्क संपला. वरचा थर तो कधी मोकळा करील आणि कुणाला देईल, याचा नेम नाही. इथे बफर देऊन झाल्यावर पुढच्याच ओळीत ड्रायव्हर त्यात डोकावून पॅकेटची लांबी वाचत होता. विकलेल्या घरात जुन्या मालकाने जुन्या किल्लीने शिरावं, तसं. बहुतेक वेळा सामान अजून हललेलं नसतं, म्हणून निभावून जातं.

सात वर्षांपूर्वी हेच यंत्र असं कोसळलं, तेव्हा खापर मास्तरच्या माथी फुटलं होतं. मास्तर म्हणजे तिच्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी; समोरचा कंटाळेपर्यंत समजावत बसायचा, म्हणून हे नाव. बफर लवकर मोकळे व्हावेत असा बदल त्याने नुकताच केला होता. त्याचं काम तपासणं तिच्याकडे होतं. ‘बेफिकिरीने लिहिलेलं,’ असा शेरा मारून तिने तो बदल काढून टाकला, यंत्र शांत झालं आणि महिन्याभरात मास्तर नोकरी सोडून गेला. त्याच्या बदलाने लपलेली चूक फक्त उघडी पडली होती, हे तिला आज कळत होतं.

त्यांच्याकडे रीत अशी, की दुरुस्ती पाठवताना चूक कोणत्या जुन्या बदलातून आली, त्याचा क्रमांक लिहायचा. तिने शोधला. ती ओळ मास्तरच्या बदलाच्याही दोन वर्षं आधीची होती आणि तिने स्वतः लिहिलेली होती.

त्याचा फोन नंबर मिळावा म्हणून तिने जुने मेल चाळले. तो गेल्यावर त्याचे मेल आपोआप एका बाजूच्या फोल्डरात जातील, अशी सोय तिने केली होती. त्याचं तेच समजावणं पुन्हा ऐकायची तिची तयारी नव्हती. तिथे एकच मेल होता, न उघडलेला, तो गेल्यानंतर अकराव्या दिवसाचा.

‘घरी निवांत बसून पाहिलं. लांबी आधी वाचून ठेव, मग बफर दे. दुरुस्ती जोडली आहे. चूक कुठून आली ती ओळ कोरी ठेवलीय, ती तू भर. माझं काही चुकत असेल तर कळव.’

सोबत त्याच दोन ओळी होत्या. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तिने कोऱ्या जागी आपल्या बदलाचा क्रमांक घातला, दुरुस्ती करणारा म्हणून मास्तरचं नाव लिहिलं आणि ती पाठवून दिली. मग मेलखालच्या त्याच्या नंबरवर फोन लावला.

“मास्तर, मी बोलतेय.”

“हं, बोला.” पूर्वी तो तिला ‘तू’ म्हणायचा.

“तू पाठवलेली दुरुस्ती आज घातली. चूक माझी होती. तसं लिहिलंय मी.”

“चालतंय का आता?”

“चालतंय. तू परत ये. साहेबांशी मी बोलते.”

“छे हो. ते काम सुटलं माझं कधीच. तुमचं उत्तर आलं नाही ना, तेव्हा म्हटलं, हेही चुकलं असणार. मग म्हटलं, आपल्याला हे जमत नाही, उगीच कशाला नाद करायचा.”

तिने पडद्यावर त्याची दुरुस्ती पुन्हा उघडली.

“म्हणजे मी पाठवलेलं बरोबर होतं?” त्याने विचारलं.

“बरोबर होतं,” ती म्हणाली. “एक अक्षरही बदलावं लागलं नाही.”