चकल्या गेल्या, चिठ्ठ्या आल्या

मी एक जुना पितळी डबा आहे. माझं पोट मोठं, झाकण घट्ट आणि एका कुशीला पोचा आहे. मित्रांनो, तो पोचा कसा पडला हे सांगायची मला आता लाज वाटत नाही.

चामराजपेटच्या कस्तुराबाईंनी नव्या संसारासाठी मला चिकपेटेच्या बाजारातून आणलं. चाळीस वर्षं मी त्यांच्या चकल्या सांभाळल्या. दारात पोस्टमन येवो की शेजारची अक्का, बाई माझं झाकण उघडून मला पुढे करत. कोणाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, ही त्या घरची रीत.

त्यांचा मुलगा योगीराज साड्यांच्या दुकानात कामाला होता. लग्नसराईत झोप येऊ नये म्हणून कोणीतरी त्याला एक गोळी दिली. मग दोन झाल्या, मग पांढरी पूड आली. तो दोन-दोन दिवस झोपेना, जेवेना. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात, असं म्हणू लागला. त्या संशयाच्या भरात एकदा त्यानं मला भिंतीवर भिरकावलं. तोच हा पोचा.

बाईंनी मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. पुढे योगीराजनं पूड सोडली आणि तो दिवसभर झोपू लागला. बाई पांघरूण ओढत, "ऊठ रे आळशा, सूर्य डोक्यावर आला!"

शेवटी सून पवित्रा मायलेकांना बनशंकरीच्या उपचार केंद्रात घेऊन गेली. डॉक्टरांसाठी चकल्या भरून बाईंनी मलाही नेलं.

डॉक्टर मनस्विनी म्हणाल्या, "अक्का, त्याला झोपू द्या. ही आळसाची झोप नाही, आजाराची आहे. हा आजार एका गोळीनं बरा होत नाही. झोप, जेवण, मोकळं बोलणं, यानंच हळूहळू माणूस सावरतो."

केंद्राची एक पद्धत होती. आठवड्यातून दोनदा लघवी तपासायची. ती स्वच्छ निघाली की बरणीतून चिठ्ठी उचलायची. कुठे 'शाब्बास', कुठे साबण, कुठे मसाला डोशाचं कूपन. नशेनं माणसाचा आनंद बोथट होतो, म्हणून चांगल्या दिवसाचं कौतुक लगेच हातात द्यायचं. सलग स्वच्छ राहिलं की दर खेपेला एक चिठ्ठी जास्त. त्यांची प्लॅस्टिकची बरणी तडकली होती. चकल्या संपल्यावर सिस्टर भव्यानं मला मागून घेतलं. म्हातारपणी माझ्या पोटात अक्षरं आली. लोक चिठ्ठ्या वाचत, ते ऐकून ऐकून मीही वाचायला शिकलो.

योगीराज सहा चिठ्ठ्यांपर्यंत पोचला. सातव्या खेपेला तपासणीत पुडीचा अंश सापडला. भव्यानं मला बाजूला सरकवलं, तोच बाईंनी मला कवटाळलं.

"सिस्टर, या डब्यानं परक्यालासुद्धा रिकामं पाठवलं नाही. माझ्या पोराला पाठवणार?"

"अक्का, स्वल्प ऐका तरी..."

"नियम तुमचे, डबा माझा!" बाईंनी स्वतःच चिठ्ठी काढून लेकाच्या मुठीत कोंबली.

मला धडकी भरली. ती त्यानं खिशात घातली, तर आधीच्या कष्टाच्या चिठ्ठ्यांनाही काही अर्थ उरणार नव्हता. शरमेनं निघून गेला असता, तर तो पुन्हा आलाच नसता.

योगीराजनं चिठ्ठी न उघडता माझ्यात परत टाकली. "आई, ही चकली नाही गं. शनिवारी मी पूड घेतली. तुझ्याशी खोटं बोललो."

भव्या रागावली नाही. तिनं खुर्ची ओढली. "सरी अण्णा, ठीक आहे, बसा. शनिवारी कुठे होतात, कोण भेटलं, ते सांगा. गुरुवारी पुन्हा एका चिठ्ठीपासून सुरू."

"मी गुरुवारी येऊ?"

"नाही आलात तर अक्का डबा उचलून नेतील! मग आम्ही काय करायचं?"

कस्तुराबाई रडता रडता हसल्या.

गुरुवारी तो आला. तपासणी स्वच्छ निघाली. चिठ्ठीवर होतं, 'शाब्बास'.

"एवढंच?" बाई पुटपुटल्या. "साबणसुद्धा नाही?"

"राहू दे आई," योगीराज म्हणाला. "ही माझी आहे."

मित्रांनो, या माणसांनी मला उतारवयात असं काम दिलं, याबद्दल मी त्यांचा फार आभारी आहे. तुमच्या घरी कोणी असं अडकलं, तर लपवू नका, टोमणे मारू नका. ताप आल्यावर नेता तसं डॉक्टरांकडे न्या. पुन्हा पाय घसरला, तर पुन्हा न्या.

आत्ता एक बाई पहिल्यांदाच आल्या आहेत आणि दारातच थांबल्या आहेत. कोणीतरी त्यांना आत या म्हणा.