देवीसोबत खेळलेला सागरगोटा

मी एक जुना सागरगोटा आहे, मित्रांनो. रंगानं राखाडी, आकारानं बोराएवढा आणि अंगानं इतका टणक, की एकदा एका मगरीनं मला चावायला घेतलं तर तिचे सगळे दात पडले. बरं, मगर नव्हती. नागावची बकरी होती. आणि दात एकच पडला, तोही आधीपासून हलत होता. माझी ही खोड तुम्हांला आत्ताच कळलेली बरी. मी थोडं वाढवून सांगतो. पण जिथे वाढवणार नाही, तिथे तुम्हांला आपोआप समजेल.

माझा जन्म नागावच्या एका नारळाच्या वाडीच्या कुंपणात झाला. आमच्या झुडपाला गळासारखे वाकडे काटे असतात आणि शेंगेवरही काटेच. शेंग उकलली की आम्ही आत झोपलेले दिसतो. आमच्यातले काही जण समुद्रात पडतात आणि तरंगत तरंगत कुठल्या कुठे जातात. माझा सख्खा मामा आफ्रिकेच्या राजाच्या मुकुटात बसला आहे. त्याचा काही निरोप आलेला नाही, पण नक्की बसला आहे.

मी मात्र लांब गेलो नाही. देश स्वतंत्र होऊन तीनचार वर्षं झाली असतील. किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या वस्तीतली तुळशी पाटीत सुकी मासळी घेऊन वाडीत विकायला आली होती. तिच्यामागे तिची सात वर्षांची मुलगी राही. आई भाव करत होती तेवढ्यात पोरीनं कुंपणात कोपरापर्यंत हात घातला.

"काय करतेस गो तिथं? हात फाटंल ना!" तुळशी ओरडली.

"फाटला," राही म्हणाली आणि रक्ताळलेली मूठ उघडून दाखवली. आत आम्ही पाच जण होतो.

त्या दिवसापासून आम्ही कामाला लागलो. एक गोटा वर उडवायचा, तो हवेत असताना खालचे उचलायचे आणि वरचा खाली यायच्या आत झेलायचा. बहुतेक वेळा वर मीच असे. तिथून मला अलिबागचा किल्ला दिसे आणि त्याच्या पलीकडे मुंबईचे दिवे दिसत. होय, भर दुपारी. आणखी एक विद्या माझ्याकडे होती. मला दगडावर खसाखसा घासलं की मी तापतो. मग शेजारी बसलेल्याच्या दंडाला हळूच लावायचं. राहीनं वस्तीतल्या एकाही दंडाला सोडलं नाही. तिची आजी नीराबाई सुकत टाकलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकताना डुलकी घेई, तेव्हा तिलाही चटका बसला होता.

"मेले, तुजा बा येऊ दे समिंदरावरनं, सांगते त्याला!" नीराबाई ओरडे. पण गालातल्या गालात हसे. तिच्या लहानपणी वस्तीत सागरगोट्यांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं ती स्वतःच सांगे.

मग होळी झाली आणि राहीला ताप भरला. तिचे वडील हरेश्वर मचवा घेऊन उत्तरेकडे मासेमारीला गेले होते. नीराबाईनं नातीच्या कपाळाला हात लावला.

"हिवताप हाय," ती म्हणाली आणि आमच्याकडे बघितलं.

मित्रांनो, आमच्याकडे असं बघणारं माणूस दिसलं की आमचं पाणी पाणी होतं. कारण सागरगोटा नुसता खेळ नाही, तो तापावरचं औषधही आहे. त्याला निखाऱ्यात भाजतात, फोडतात, आतला कडू गर मिऱ्यांबरोबर वाटून पोटात देतात. नीराबाईनं आमच्यातले तिघे उचलून चुलीत टाकले. फट्, फट्, फट्. माझे तीन भाऊ राहीच्या पोटात गेले. उरलेला एक भाऊ आणि मी चटईखाली गेलो. मी शौर्यानं उडी मारली असं सांगायचा मोह होतो आहे, पण जमिनीला उतार होता एवढंच.

ताप उतरला नाही. मग राहीच्या कपाळावर पुळ्या दिसल्या, हातांवर दिसल्या, तोंडभर झाल्या. नीराबाईच्या हातातली पेजेची वाटी खाली पडली.

"तुलशे," ती म्हणाली, "देवी आल्यात."

तुम्ही देवीचा रोग पाहिला नसेल तर देव करो आणि कधी न पाहो. त्या काळी लोक मानत, की ही स्वतः देवी आहे आणि पोराच्या अंगात पाहुणी म्हणून उतरली आहे. मग दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधत. घरात फोडणी देत नसत, तळत नसत, भाजत नसत. चुलीवर काही तडतडलं की देवीच्या अंगाला चटके बसतात आणि ती पोराला सोबत घेऊन जाते, अशी समजूत.

आणि नीराबाईनं तर भाजलं होतं. चटईखालून मी तिचा चेहरा पाहत होतो. ती चुलीसमोर बसली आणि विझलेल्या राखेत बोटं घालून काहीतरी शोधायला लागली.

"मी भाजले गो," ती पुटपुटली. "ती दारात येऊन उभी होती नि मी निखारं फुंकीत होते."

वस्तीतली दारं लागली. राहीच्या मैत्रिणी फिरकेनाशा झाल्या. यायची ती फक्त शेजारची जनी. जनीला लहानपणीच देवी येऊन गेल्या होत्या. पुन्हा येणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ती बेधडक आत येई. तिचा चेहरा वणांनी भरलेला होता आणि उजवा डोळा पांढरा.

राहीनं ते वाईट दिवस कसे काढले ते मी सांगणार नाही. मला तिथे वाढवताही येत नाही आणि कमीही करता येत नाही. पण ती वाचली. ताप उतरला, पुळ्या वाळायला लागल्या आणि सगळ्यांत अवघड काम सुरू झालं. खाज.

"आये, खाजतंय गो! सोड मला!"

"चेहऱ्याला हात लावू नकोस, माजी बाय. डोल्याला तर न्हायच."

जनीनं जुन्या लुगड्याची मऊ पट्टी फाडून आणली होती. ती तुळशीसमोर धरून म्हणाली, "हात बांध तिचे. माज्या आयनं बांधले न्हवते. तिला दया आली. मी डोल्याजवलची खपली ओढली नि नख आत गेलं. हा बघ, दयेचा डोला."

तुळशीनं पट्टी हातात घेतली. राही तिच्याकडे बघत होती. तुळशीनं पट्टी खाली ठेवली.

"हात बांधायचे न्हायत," ती म्हणाली. "हातांना काम देऊ या."

मग काय काय झालं म्हणून सांगू! जनीनं नारळाच्या पातीची पिपाणी करून दिली. राहीनं ती एकदाच फुंकली, गाल ताणले, खपल्या ताणल्या आणि किंचाळली. तुळशीनं सुतळीची टोकं बांधून ती बोटांत अडकवली आणि पाळणा करून दाखवला. राहीला तो दोनदा आवडला. झावळीच्या काडीची नि पातीची भिंगरी केली, तर घरात वाराच नव्हता. तुळशी तिच्यावर फू-फू करून चक्कर येऊन बसली. दाराच्या फटीतून येणाऱ्या उन्हात हातांची सावली पाडून खेकडा केला. खेकडा छान होता, पण तो तुळशीच्या हातांचा होता. राहीचे हात मोकळे होते आणि ते हळूहळू गालाकडे निघाले होते.

तेव्हा तुळशीनं चटई उचलली आणि आम्ही दोघे सापडलो.

दोन गोट्यांचा काय खेळ होणार? जनीनं पदराला बांधलेले चिंचोके सोडले. तुळशीनं ते आमच्यासोबत मांडले. पण एका हातानं झेलायचं म्हटलं की दुसरा हात रिकामा! तुळशीनं थोडा विचार केला आणि राहीचा डावा हात जमिनीवर कमानीसारखा टेकवला.

"ही आपली खाडी. भाईर वादल हाय. उजव्या हातानं एक होडी वर उडवायची, ती हवेत हाय तवर दुसरी होडी खाडीत ढकलायची. डावा हात हलला की खाडी फुटली, सगल्या होड्या बुडाल्या."

"बाबाची होडी कंची?" राहीनं विचारलं.

तुळशीनं मला उचललं. मित्रांनो, मी तेव्हा साक्षात मचवा झालो. माझ्यावर शीड होतं, खलाशी होते, आणि माझ्या जाळ्यात एक देवमासा होता. मी वर उडत होतो, खाली येत होतो, आणि माझ्याकडे बघणारे राहीचे दोन्ही डोळे उघडे होते. तिचे दोन्ही हात कामात होते. बाहेरचं ऊन सरेपर्यंत तिनं एकदाही तोंडाला हात लावला नाही.

दुसऱ्या दुपारी तुळशी विहिरीवर पाण्याला गेली. राही झोपली होती. नीराबाई पाय न वाजवता आली, तिनं आम्हां दोघा भावांना मुठीत घेतलं आणि ती समुद्राकडे चालू लागली.

मुठीत घाम होता. बोटांच्या फटीतून मला वाळू दिसत होती, मग ओली वाळू, मग पाणी.

"आये, तुजं तुला देते," नीराबाई समुद्राला म्हणाली. का देवीला म्हणाली? "मी तुला भाजलं. जे उरलं ते घे, पन पोर ठेव."

आणि तिनं माझ्या भावाला फेकलं. तो दूर जाऊन पडला. आम्ही तरंगतो हे मला माहीत होतं, पण ओहोटी होती. तो मागे आला नाही.

इथे मी तुम्हांला सांगणार होतो, की मी तापून लाल झालो, म्हातारीच्या तळव्याला चटका दिला आणि उडी मारून पळालो. मी यातलं काहीही केलं नाही. मी एक बी आहे. मुठीत पडून होतो.

घरात काय झालं ते मागाहून जनीच्या तोंडून कळलं. राही जागी झाली, तिनं चटई चाचपली. होड्या नव्हत्या. ती रडायला लागली आणि रडता रडता दोन्ही हात तोंडाकडे गेले. जनी धावत आत येऊन तिची मनगटं धरेपर्यंत डाव्या डोळ्याच्या अगदी खालची एक खपली निघाली होती. रक्ताचा ओघळ बघून जनीला वाटलं, डोळाच गेला. म्हातारीला मूठ आवळून किनाऱ्याकडे जाताना तिनं पाहिलं होतं. तिनं राहीला कवटाळून दारातूनच आरोळी ठोकली.

"तुलशे, धाव! म्हातारी गोटं घेऊन समिंदरावर गेली!"

तुळशी भरलेला हंडा टाकून धावत सुटली. गुडघाभर पाण्यात तिनं सासूचा हात धरला.

"आत्या, मूठ उघडा."

"सोड. देवीचं हाय. मला फेडू दे."

"देवी कुठं हाय?" तुळशी ओरडली. "हितं पान्यात हाय का? का राहीच्या अंगात हाय?"

नीराबाईनं मूठ आणखी आवळली.

"बोला ना! कुठं हाय?"

"राहीच्या अंगात."

"मग काल दुपारभर गोटं कोन खेलत होतं? कोनाला रमवत होते मी? आनि झोपली ती बघून कोनाच्या हातातलं काढून आनलंत?"

लाट आली आणि दोघींची लुगडी कमरेपर्यंत भिजवून गेली. नीराबाई अशी थरथरली, की मी तिच्या मुठीत खडखडलो असतो, पण सोबतीला कुणी उरलं नव्हतं.

"मग मी काय करू गो?" ती लहान पोरीसारखी म्हणाली. "सांग ना, मी आता काय करू?"

"घरी चला. तिच्या समोर बसा. ती म्हनेल तितकं खेला."

नीराबाई ओल्या लुगड्यानं राहीसमोर बसली. जनीनं राहीची मनगटं सोडली. चिंचोके मांडले, मला मधे ठेवलं. म्हातारीनं आधी मुद्दाम हरायचं ठरवलं होतं, कारण समोर देवी होती. पण तिला ते जमेना. मी वर उडालो की तिचा हात आपोआप सुरी चालावी तसा चाले. सगळे चिंचोके गट्ट!

"आजी रडीचा डाव खेलते!" राही ओरडली. "आता माजी पाली. हात लावू नकोस."

"तुज्या बापालाबी हे जमनार न्हाय," नीराबाई म्हणाली, आणि लगेच जीभ चावून दोन्ही हातांनी कान धरले.

राही हसली. हसल्यावर खपल्या दुखल्या म्हणून रडली. मग पुन्हा डाव मांडला.

खपल्या गळून पडेपर्यंत आम्ही खेळलो. चिंचोके झिजले, तर जनीनं शिंपले आणले. शिंपले फुटले, तर तुळशीनं खडे वेचले. नीराबाई चुलीपाशी गेलीच नाही, तिघींचं जेवण जनीच्या घरून यायचं. पाहुण्या देवी एकदाच्या गेल्या. राहीच्या चेहऱ्यावर वण राहिले आणि डाव्या डोळ्याखाली एक खोल खड्डा. पण दोन्ही डोळे राहिले.

आता राहीचं लग्न झालं आहे, तिला मुलगा आहे. नीराबाई नाही, जनीही नाही. मी कोनाड्यात काडेपेटीमागे पडलेला असतो. घरात रेडिओ आला आहे आणि तो गाणी फार छान म्हणतो, माझ्यापेक्षा तर कितीतरी थापा जास्त मारतो. मला त्याचा राग नाही.

मित्रांनो, माझं मोल करू नका. मी फुकटचा आहे, कुंपणात मिळतो. चिंचोकाही फुकट, शिंपलाही फुकट, झावळीची पात तर पायाखाली येते. पण मी एकट्यानं राहीला कधीच रमवलं नाही. मी आणि ती दोघंच असतो, तर तो डोळा गेला असता. ही एवढी गोष्ट मी जराही वाढवून सांगत नाही.

आत्ता राहीचा मुलगा उंबऱ्यावर बसला आहे. कंटाळून पायाच्या नखानं माती उकरतो आहे. मोठी माणसं कामात आहेत. मला कोनाड्यातून हाक मारता येत नाही, म्हणून तुम्हांला विनवतो. कुणीतरी जा रे. मला नेलंत तर उत्तम, नाही तर चार खडे उचला. पण त्याच्या समोर जाऊन बसा.