मंगलबाईच्या स्लॅबखालची फळी

साहेब, तुम्ही खोटं बोललात. मोठ्या साहेबांच्या शेजारी, पंख्याखाली बसून, पापणी न हलवता बोललात. "मी असं काही सांगितलंच नाही." मी रखमाजीचा गवंडी. तुम्ही सांगत होतात तेव्हा ओळंबा माझ्या हातात होता.

डिंगोऱ्याच्या आमच्या वस्तीसाठी ओढ्यावर साकव बांधायचा ठेका रखमाजीनं घेतला होता. नकाशात पाया कातळावर. वैशाखात तुम्ही गाडीतून उतरलात, ब्रेकर कातळावर नुसता नाचतोय ते बघितलंत.

"उद्घाटनाची तारीख ठरलीय. इथं महिना जाईल. ओढ्याच्या खालच्या अंगाला वीस फूट सरकवून घे."

"सायेब, तितं निसती माती हाय," रखमाजी म्हणाला.

"इंजिनिअर तू का मी?"

"तुमीच. मंग लिवून द्या."

तुम्ही हसलात. खिशातला मार्कर काढून सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीटच्या साच्याच्या, प्लायच्या फळीवर लिहिलंत, पाया वीस फूट खालच्या अंगाला घ्यावा. खाली सही, तारीख. वर म्हणालात, "घे. कागद फाटतो, हे फाटायचं नाही."

रखमाजी खूश. आमच्या धंद्यात मापं फळीवरच लिहितात. फळीवर आलं की पक्कं. करार चाळीस पानांचा होता, त्यातल्या फक्त सह्यांच्या जागा त्यानं बघितलेल्या. कामातला बदल पत्रानंच धरला जाईल, अशी एक ओळ त्यात होती म्हणे. काम संपलं आणि भाड्याच्या फळ्या आम्ही जुन्नरला परत धाडल्या. त्यात तीही गेली. ही आमची चूक, ती मी झाकत नाही.

आषाढात ओढ्यानं माती खाल्ली, एका अंगाचा पाया खचला. माणूस दगावलं नाही, एवढंच बरं. मग नोटीस आली. नकाशा सोडून बांधलंस, तुझं नाव काळ्या यादीत का घालू नये? यादीत गेलं की सरकारी काम संपलं. बावीस वर्षं त्यानं दुसरं काही केलेलं नाही.

फळ्या भाड्यानं देणाऱ्या कल्पेशशेठकडे गेलो.

"रखमाभाऊ, सातशे फळ्या हायत. तुमच्या फळीला काय नाव-गाव?"

"सायबाची सही हाय तिच्यावं."

"आधी सांगायचं की राव! फ्रेम करून दुकानात लावली असती."

हसला, पण दोन दिवस आमच्याबरोबर फळ्या उलथ्यापालथ्या करत राहिला. मिळाली नाही. उरलेल्या निरगुडसरला गेल्या होत्या, मंगलबाईच्या घरावर. एकटी बाई, दोन खोल्या बांधतेय. आम्ही पोचलो त्याच्या आदल्याच दिवशी स्लॅब ओतलेला.

टेकूंच्या दाटीत रखमाजी उताणा सरकत गेला. बॅटरी मारली. फळ्यांच्या तिसऱ्या ओळीत तुमचं अक्षर, तुमची सही. आणि वर तिच्या घराचा ओला स्लॅब.

"काडायची का?" मी विचारलं.

मंगलबाई दारात उभी. कशाला आलो ते तिला सांगितलं होतं. "भाऊ, काडली तर काय हुईल?"

रखमाजीनं वरच्या फळीला हात लावून बघितला. "स्लॅब बसंल, ताई."

"आन आपसूक कवा निगंल?"

"पंदरा दिसांनी."

सुनावणी चौथ्या दिवशी होती.

"काडा म्हनलं तर माजं छप्पर जातंय, नगं म्हनलं तर तुमचं नाव," बाई म्हणाली, "मी काय बोलू, भाऊ?"

रखमाजी सरपटत बाहेर आला. पाठ झटकली. "स्लॅबला दुपारचं बी पाणी मारा. ऊन लई हाय."

मोबाईलवर फोटो तेवढा घेतला. तुमच्या हापिसात तो कोणी धड हातातही धरला नाही.

"फोटो कोणीही काढतो. मूळ आणा."

"मूळ स्लॅबखाली हाय, सायेब. पंदरा दिस द्या."

"ही काय सबब झाली?" मोठे साहेब म्हणाले आणि तुमच्याकडे वळले. तेव्हा तुम्ही ते वाक्य बोललात. दहा मिनिटांत बावीस वर्षं यादीत गेली.

रखमाजी बाहेर पायरीवर बसला. "चाळीस पानं व्हती राव. एक बी माजी नव्हती."

काल टेकू काढले. स्लॅबला तडा नाही. फळी मंगलबाईनं पुसून भिंतीला उभी केलीय. आता पंधरा दिवस कोणाला मागायचे नाहीत. मूळ पाहिजे होतं ना? या निरगुडसरला. मंगलबाईसमोर, रखमाजीसमोर त्या फळीपुढं उभे राहा आणि सांगा, साहेब, हे अक्षर कोणाचं?