उलट फिरण्याआधी

तिने ड्रायरच्या काचेवर तळहात ठेवला आणि लगेच मागे घेतला. काच तापली होती. आत हॉटेलच्या चादरी एकमेकींत गुंतून त्यांचा मोठा गोळा झाला होता आणि तो ड्रममध्ये धपधप आपटत होता.

"आता थांबेल बघ," मागून वन्सं, तिची थोरली नणंद, म्हणाल्या.

ड्रम थांबला आणि लगेच उलट दिशेने फिरू लागला.

"श्वाससुद्धा घेऊन होत नाही गं," वन्सं हळूच म्हणाल्या.

एका बाजूने फिरायचं, थांबायचं, मग उलट फिरायचं, म्हणजे कपड्यांना पीळ बसत नाही. पण मोठ्या चादरी कुणाचं ऐकत नाहीत. गोळा झाला की आतल्या ओल्याच राहतात. म्हणून या लॉन्ड्रीत एक रीत पडली होती. ड्रम थांबला की दार उघडायचं, एक श्वास घ्यायचा, चादरीचं टोक ओढून मोकळं करायचं, आणि श्वास सोडायच्या आत हात बाहेर. दार उघडल्यावर मशीन बंद पडू नये म्हणून तिच्या नवऱ्याने दाराचं बटण तारेने आवळून बांधलं होतं.

गेल्या वर्षी वन्संच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून त्या चादर हनुवटीखाली धरून घड्या घालत, आणि ड्रायर तिच्याकडे आला होता. रोज सकाळी ती बांगड्या काढून खिडकीत ठेवी.

आज सकाळी मेकॅनिक येऊन जळालेला टायमर बदलून, मशीन चालू करून गेला. जाताना म्हणाला, "नव्याने ड्रम फार कमी वेळ थांबतो. जुन्या अंदाजाने हात घालाल तर हात जाईल. ती तार आधी काढा आणि मालकांना सांगा."

तिने पक्कड घेतलीही होती. पण नवऱ्याचा फोन आला. मी येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, म्हणाला.

दुपारी तो आला तेव्हा ओल्या चादरींचा ढीग तसाच होता.

"हे काय? दोघी मिळून मशीनची राखण करताय?"

"अहो, मेकॅनिक म्हणत होता की..."

"तार काढा, हेच ना? दरवेळी तेच म्हणतो. त्याचं काय जातंय? हॉटेलवाला संध्याकाळी माझ्या डोक्यावर येऊन बसेल."

"तसं नाही, ऐकून तर घ्या. तो टायमर..."

"टायमर बसवला, मशीन चालू झालं, विषय संपला. घाल हात."

ती जागची हलली नाही. पदराचं टोक बोटांना गुंडाळत राहिली.

"घाबरतेस? ताईचं बघून?" तो हसला. "अगं, ताईचा हात मशीनमध्ये आणि लक्ष गप्पांत. मशीन काय आपणहून चावतं?"

वन्संनी चादरीची घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. त्या दिवशी खोलीत त्यांच्याशी गप्पा मारायला कुणीच नव्हतं, हे तिला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं.

"सरक. एकदा नीट बघून घे, मग उद्यापासून नाटकं नकोत."

त्याने बाही कोपरापर्यंत सारली आणि ड्रायरसमोर उभा राहिला. आतला गोळा आपटत होता. दाराजवळची तार थरथरत होती.

आता सांगायला हवं होतं. दोन शब्द पुरले असते. तिने तोंड उघडलं.

तिच्या मनगटावर हात पडला. उजवा. उरलेली तीन बोटं थंडगार होती आणि त्यांची पकड घट्ट होती. तिने वळून पाहिलं. वन्सं तिच्याकडे बघत नव्हत्या. त्यांची नजर काचेवर होती, भांड्यात दूध वर येताना बाई बघते तशी.

ड्रमचा वेग मंदावला. गोळा एकदा आपटला आणि खाली बसला.

नवऱ्याने दार उघडलं, आणि दोघींना दिसेल असा छातीभर श्वास घेतला.